आधी डेक्कन कॉलेज की आधी डायव्हिंग?

जळगाव-धुळ्याच्या पोराला सागरी पुरातत्त्व, म्हणजे समुद्रातल्या आणि बंदरांच्या जुन्या अवशेषांचा अभ्यास, शिकायचंय, तर रस्ते दोन. डायव्हिंग आधी केलं की पाण्याची भीती मोडते, पण खर्च दणदणीत. आणि खाली दिसलेला दगड जहाजाचा नांगर आहे की नुसता धोंडा, हे डायव्हिंग शिकवत नाही. द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या पथकाला १९८० च्या दशकात तीन भोकांचे त्रिकोणी दगडी नांगर मिळाले. ते ओळखायला खापरांवर घासलेली नजर लागते. ती पुण्याला डेक्कन कॉलेजात, पुरातत्त्वाच्या एम.ए.त तयार होते.

शिवाय जमिनीवरचं पुरातत्त्व समजायला आपलं प्रकाशे आहेच. तापीकाठच्या त्या टेकाडावर १९५५ मध्ये उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनचे, म्हणजे माणूस तांबं आणि दगड दोन्ही वापरायचा तेव्हापासूनचे थर निघाले. खान्देशचा माल नंदुरबारमार्गे सुरतेला जाऊन जहाजात चढायचा, हेही बंदराच्या अभ्यासातच येतं. माझं मत एम.ए.ला. पोहणं मात्र आत्तापासून शिका.