छोटं पॉलिमर डीएओ पिस्तूल घ्यायचंय? पी-११, एलसी९, पीएम९ की पी२५०

९ एमएम, पॉलिमर फ्रेम, जवळ बाळगता येईल एवढं छोटं आणि डबल ॲक्शन ओन्ली म्हणजे डीएओ, एवढं ठरलं की फिरून फिरून हीच चार नावं समोर येतात. केल-टेक पी-११, रुगर एलसी९, कार पीएम९ आणि सिग पी२५० कॉम्पॅक्ट. वापरणाऱ्यांची मतं वाचायला बसलं तर डोकं गरगरतं, एक म्हणतो यासारखं काही नाही, लगेच खाली दुसरा म्हणतो महिन्याभरात विकून टाकलं. दोघंही खरंच बोलत असतात, फक्त दोघांची बोटं वेगळी असतात. म्हणून माझं म्हणणं एकच, ही पिस्तुलं ट्रिगरवरून निवडा, बाकी सगळं नंतर बघा.

डीएओ म्हणजे काय तर प्रत्येक गोळीला तोच लांब ट्रिगर. पहिली जड आणि पुढच्या हलक्या असा प्रकार नाही, त्यामुळे हाताला एकच सवय लावायची असते आणि लांब ओढ असल्यामुळे चुकून बोट लागून गोळी सुटायची शक्यता कमी, याच कारणासाठी लोक हे घेतात. पण त्याची किंमत नेमावर मोजावी लागते. पी-११चंच बघा, रिकामं पिस्तूल साधारण ४०० ग्रॅम आणि ट्रिगर जवळपास ९ पौंडांचा, म्हणजे ४ किलो. ४०० ग्रॅमच्या वस्तूवर एका बोटाने ४ किलोचा जोर लावायचा आणि ती वस्तू हलू द्यायची नाही, हे किती अवघड आहे ते एकदा हातात धरल्याशिवाय कळत नाही.

माझं पहिलं डीएओ असंच जड ट्रिगरचं होतं, कंपनी कुठली ते जाऊ दे. ओढ सुरू केली की तीन चतुर्थांश अंतरापर्यंत सगळं छान, आणि अगदी शेवटी, गोळी सुटायच्या क्षणी, पुढची साईट, म्हणजे नेम धरायची खूण, टुणकन खाली डावीकडे जायची. कागदावर सगळी भोकं खाली डाव्या कोपऱ्यात, दर वेळी. ५० राउंड म्हणजे ५० गोळ्या झाल्या की बोटाच्या पेराची आतली बाजू लालभडक. साईट चुकीची असेल म्हणून मी दोन महिने घालवले, दोष पूर्ण बोटाचा होता.

आता एकेक बघू. पी-११ हे १९९५चं, जॉर्ज केलग्रेन यांचं डिझाईन. एवढ्याशा पिस्तुलात १० गोळ्या बसतात हीच त्याची शान, त्या काळात तर ती फारच मोठी गोष्ट होती, आणि स्मिथ अँड वेसनच्या ५९ सिरीजची मॅगझिन, म्हणजे गोळ्यांच्या पेट्या, पण त्यात चालतात. तक्रारी ठरलेल्याच, ट्रिगर जड, खरखरीत, रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का, तडाखेबाज. बरेच मालक आतले भाग घासून पॉलिश करून घेतात आणि मग खूश असतात, पण आतलं काम ज्याला येत नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एलसी९ २०११चं. चपटं आहे, जाडी जेमतेम ०.९ इंच, ७ गोळ्या, वजन ४८५ ग्रॅमच्या आसपास, कपड्याखाली अजिबात कळत नाही. ट्रिगर पी-११पेक्षा हलका आणि गुळगुळीत पण लांब, फार लांब, आणि रिसेट, म्हणजे पुढच्या गोळीसाठी ट्रिगर पुन्हा तयार होणं, तर जवळपास पूर्ण पुढे सोडल्यावरच होतो. छोट्या रिसेटची सवय असलेला माणूस घाईत बोट अर्धंच सोडतो, पुन्हा ओढतो आणि काहीच होत नाही, ट्रिगर नुसता लुळा. कितीतरी मालक याच कारणाने वैतागलेत. शिवाय हाताने लावायची सेफ्टी आहे, मॅगझिन काढलं की गोळी सुटत नाही. काहींना हे सगळं हवंच असतं, काहींना इतक्या लांब ट्रिगरवर वर अजून सेफ्टी कशाला असं वाटतं, मी दुसऱ्या गटातला. २०१४ला कंपनीने याचंच स्ट्रायकरवालं, म्हणजे हातोडीऐवजी स्प्रिंगवरची पिन गोळीवर आपटते असं, एलसी९एस काढलं, त्याचा ट्रिगर बराच हलका, यावरून मूळ तक्रार किती खरी होती ते समजा.

पीएम९ला मी सगळ्यात जास्त मान देतो. ६ गोळ्याच बसतात, महागही आहे, पण ट्रिगर लोण्यासारखा, अडखळत नाही, शेवटी दचकवत नाही. मात्र नवीन असताना स्प्रिंग इतकी घट्ट की स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढताना मनगट दुखतं, आणि कंपनी स्वतःच सांगते की आधी २०० राउंड चालवा मग भरवसा ठेवा. नावं ठेवणाऱ्यांपैकी बरेच जण हे २०० राउंड पूर्णच करत नाहीत. पहिली गोळी भरताना स्लाइड हाताने ओढून सोडण्यापेक्षा स्लाइड स्टॉप (मागे अडकवलेली स्लाइड सोडायची खिट्टी) दाबून सोडा, हेही कंपनीचंच सांगणं आहे.

पी२५० या चौघांत मोठं, नळी ३.९ इंच, १५ गोळ्या, रिकामं ७०० ग्रॅमच्या आसपास. खिशात नाही जायचं. पण वजन जास्त आणि ट्रिगर साधारण ३ किलोचा, म्हणजे मघाचं गणित इथे एकदम सोपं होतं, साईट जागची हलत नाही. ग्रिपचं पॉलिमरचं खोळ बदलता येतं, लहान मध्यम मोठं, त्यामुळे लहान हातवाल्यांचं बोट ट्रिगरवर नीट पोचतं. खरं पिस्तूल म्हणजे आतला धातूचा भाग, सिरियल नंबर पण त्याच्यावरच, हीच कल्पना पुढे सिगच्याच पी३२०मध्ये गेली.

अजून एक मुद्दा ज्यावर लोक तावातावाने भांडतात, गोळी फुसकी निघाली तर पुन्हा ट्रिगर ओढता येतो का. पी-११ आणि पी२५०मध्ये येतो, एलसी९ आणि पीएम९मध्ये नाही, स्लाइड ओढावीच लागते. मला लढाईसाठी त्याचं फार कौतुक नाही, कारण फुसकी गोळी बाहेर काढून दुसरी भरणं हेच शहाणपणाचं. पण सरावासाठी फरक जबरदस्त आहे! रिकाम्या पिस्तुलावर, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) दोनदा तपासून, पी२५०चा ट्रिगर सलग शंभर वेळा ओढता येतो, एलसी९ला दर वेळी स्लाइड ओढा आणि रिकामं मॅगझिन पण लावून ठेवा, मग कंटाळून सराव बंद पडतो.

कमरेला लावून थोडं वजन सोसायची तयारी असेल तर पी२५० घ्या, अगदी छोटंच हवं आणि पैसे असतील तर पीएम९. एलसी९ त्यांच्यासाठी ज्यांना सेफ्टी हवीच आहे. पी-११ नवशिक्याला मी सुचवणार नाही. पी-११, एलसी९, पी२५० तिन्ही आता बनत नाहीत, म्हणजे जुनंच मिळणार, तेव्हा जादा मॅगझिन आणि स्प्रिंग मिळतात का ते आधी बघा. आणि विकणाऱ्याची परवानगी घेऊन, रिकामं आहे याची दोघांनी खात्री करून, सुरक्षित दिशेला धरून पुढच्या साईटजवळ स्लाइडवर एक नाणं ठेवा आणि सावकाश ट्रिगर ओढा. दहापैकी आठ वेळा नाणं पडलं नाही तर ते पिस्तूल तुमच्या हाताचं.