पन्नास मीटरला सबसॉनिक की हाय व्हेलॉसिटी?

बोल्ट-अॅक्शनची पॉइंट टू टू (.22) रायफल घेतली की काडतुसांचा पहिला डबा घेताना हा प्रश्न येतोच. सबसॉनिक म्हणजे आवाजाहून हळू जाणारी गोळी, हाय व्हेलॉसिटी म्हणजे आवाजाहून वेगाने निघणारी. परदेशात सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसाचा ठिणगीचा मसाला बुडाच्या मध्यभागी असतो ते) बंदुकीची दारू तोलून घरीच सबसॉनिक काडतुसं भरतात. आपल्या पॉइंट टू टूचं काडतूस रिमफायर, म्हणजे तो मसाला बुडाच्या कडेत; त्याला ती सोय नाही, एकदा उडाली की पुंगळी भंगारात. त्यामुळे जी काय निवड करायची ती दुकानातच.

आधी हाय व्हेलॉसिटीचं कौतुक. तिच्या बहुतेक गोळ्यांवर तांब्याचा मुलामा असतो, त्यामुळे हात काळे होत नाहीत. सबसॉनिकच्या उघड्या शिशावर मेणासारखं वंगण असतं. एप्रिलमध्ये माझा डबा बेंचवर उन्हात राहिला, वंगण पघळलं आणि त्यावर धूळ बसली. मी शहाणपणा करून पन्नासच्या पन्नास गोळ्या जुन्या बनियनने पुसून काढल्या. त्या पुसायच्या नसतात, हे नंतर कळलं. वेग म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, मग कागदाला भोक पाडायला तो कशाला हवा?

माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच. ट्रिगर सुटला त्या क्षणी साइट कुठे होती, हे आपल्याला कळतं. दुर्बिणीतून बघायच्या आधीच मनात येतं, ‘दहा, जरासा उजवीकडे.’ हाय व्हेलॉसिटीत नऊ वेळा कागद हो म्हणायचा आणि दहाव्यांदा भोक खाली डावीकडे, आठात. पन्नास मीटरला दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, तिथे एवढी चूक फार झाली. महिनाभर मी श्वास सुधारला, स्लिंगचा पट्टा एक भोक आवळला, कोचचं डोकं खाल्लं. चूक माझी की काडतुसाची, तेच कळेना. मग एका सीनियरने अर्धा डबा सबसॉनिक दिली. आठ तरीही पडले, पण पडायच्या आधी मला ठाऊक असायचे.

कारण मला समजलं ते असं. हाय व्हेलॉसिटी नळीतून साधारण 375 मीटर प्रतिसेकंदाने निघते आणि टार्गेट गाठेपर्यंत आवाजाच्या वेगाखाली येते. ती हद्द ओलांडताना गोळी डळमळते. सबसॉनिक 320 ते 330 ने निघते, तिला ही हद्दच लागत नाही. आडव्या वाऱ्यातही हळू गोळीच कमी वाहते. मला हे आधी पटलं नव्हतं.

नाशिकपुरती एक मेख आहे. मे महिन्यात 35 अंशांना आवाजाचा वेग 352 च्या आसपास असतो, म्हणजे भरपूर जागा. डिसेंबरात निफाडकडे पारा 5 वर आला की तोच 334. तेव्हा 330 चा डबा काठावर येतो आणि मधूनच एखादी गोळी आवाजाची हद्द ओलांडून ‘फट्ट’ करते. म्हणून थंडीत मी 320 च्या जवळपासचा डबा बघतो.

तुमच्या नळीला कदाचित दुसरंच आवडेल, नळ्यांचं काही सांगता येत नाही. तरी एकच डबा घेणार असाल तर हळू गोळीचा घ्या. आवडला तर त्याच लॉटचे आणखी उचला, आणि काडतूस बदलल्यावर पहिल्या वीस गोळ्या हिशेबात धरू नका. नळीला नवं वंगण बसायला तेवढा वेळ लागतो.