शिक्षक आणि लायब्ररीयन, दोघांना एकत्र बसवणारा टेक्नॉलॉजी कोर्स: माझा अनुभव

हा कोर्स नुकताच पूर्ण केला म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण जॉइन करायच्या आधी मी खूप शोधलं होतं आणि "खूप छान, भरपूर शिकायला मिळालं" याच्यापलीकडे कोणी काही लिहिलेलंच सापडलं नाही. मी शाळेत लायब्ररीयन आहे. आमच्याकडून मी आणि विज्ञानाच्या मॅडम अशा दोघी होतो, कारण कोर्सची अटच तशी आहे, एकट्याचं नाव घेत नाहीत, शाळेतून एक विषयशिक्षक आणि एक लायब्ररीयन अशी जोडीच लागते. माझ्या मते कोर्समधली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे, बाकी सगळं त्याच्यानंतर.

असं का म्हणतेय तर, टेक्नॉलॉजीचं ट्रेनिंग म्हटलं की लायब्ररीयनला एकतर बोलवतच नाहीत, आणि बोलावलं तरी दिवसभर ग्रेडबुक, हजेरी, ऑनलाइन टेस्ट यावरच चालतं. लायब्ररीवाल्यांचं वेगळं ट्रेनिंग असेल तर कॅटलॉग, बारकोड, सॉफ्टवेअर, झालं. पण मूल प्रोजेक्टची माहिती शोधायला बसतं तेव्हा ते काम अर्धं वर्गाचं असतं आणि अर्धं लायब्ररीचं, आणि शोधायचं कसं, खरं-खोटं ओळखायचं कसं, हे शिकवायचं कोणी यावर कोणी बोलतच नाही. शिक्षकांना वाटतं लायब्ररीत शिकवत असतील, आम्हाला वाटतं वर्गात होत असेल. इफ्ला ही ग्रंथालयांची जागतिक संघटना, तिची शाळेच्या ग्रंथालयांसाठी 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात शिक्षकांबरोबर मिळून शिकवणं हे लायब्ररीयनच्या मुख्य कामांत धरलेलं आहे. कागदावर हे सगळ्यांना मान्य असतं. इथे पहिल्याच सेशनला आम्हा दोघींना एकच टाचण दोघींनी मिळून लिहायला लावलं, कोणता भाग कोण घेणार हे त्यात नावानिशी लिहायचं होतं, आणि तिथेच कळलं की एकाच शाळेत इतकी वर्षं असून आम्ही एकमेकींच्या कामाबद्दल किती कमी बोलतो.

पद्धत अशी की आठवड्याला एक लाइव्ह सेशन, मग त्या आठवड्यात आपल्याच वर्गात ते करून बघायचं, आणि पुढच्या सेशनला काय चाललं काय फसलं ते बाकीच्या जोड्यांसमोर मांडायचं. मध्ये एकदा ट्रेनर व्हिडिओ कॉलवरून आपला तास बघतात आणि नंतर वेगळं बोलतात. याला वेळ जातो, खोटं बोलणार नाही, पण एका दिवसाच्या वर्कशॉपमधून वर्गात काही उतरत नाही हे आपण सगळेच जाणतो. अमेरिकेतल्या शिक्षण संशोधक लिंडा डार्लिंग-हॅमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली 35 अभ्यास तपासून शिक्षकांचं चांगलं ट्रेनिंग कसं असतं ते मांडलं होतं, त्यात हेच मुद्दे येतात, ट्रेनिंग बराच काळ चाललं पाहिजे, विषयाशी जोडलेलं पाहिजे, शिक्षकांनी मिळून काम केलं पाहिजे, आणि मागे कोणीतरी कोच म्हणून उभं पाहिजे. हा कोर्स बऱ्यापैकी त्याच वाटेने जातो.

आता सगळ्यात आवडलेलं सेशन. माहिती तपासण्यावरचं. ट्रेनरनी काही न सांगता एक वेबसाइट उघडायला लावली, झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची. फोटो आहेत, शास्त्रीय नाव आहे, तो नामशेष होत चाललाय म्हणून त्याला वाचवायचं आवाहन आहे. ही 1998 पासून नेटवर असलेली बनावट साइट आहे, आणि 2006 च्या सुमाराला अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी ती सातवीच्या मुलांना दाखवली तेव्हा जवळपास सगळ्यांना खरी वाटली होती. इथपर्यंत बऱ्याच लोकांना माहीत असतं. पुढचा भाग महत्त्वाचा होता. आपण मुलांना साधारण एक चेकलिस्ट देतो ना, लेखकाचं नाव आहे का, तारीख आहे का, शुद्धलेखन नीट आहे का, पत्ता .ऑर्ग ने संपतो का, ती चेकलिस्ट त्यांनी या साइटला लावायला सांगितली, आणि ही खोटी साइट त्यात बऱ्यापैकी मार्कांनी पास झाली. सगळ्या जोड्या एकदम गप्प.

मग त्यांनी स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांचा 2017 चा अभ्यास सांगितला. इतिहासाचे 10 पीएचडीवाले, 10 व्यावसायिक फॅक्ट-चेकर (म्हणजे माहिती खरी की खोटी हे तपासणं हेच ज्यांचं काम) आणि स्टॅनफर्डचे 25 विद्यार्थी, तिन्ही गटांना सारख्याच साइट्स तपासायला दिल्या. इतिहासकार आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि देखण्या लोगोला, छान मांडणीला फसले. फॅक्ट-चेकर मात्र पानावर थांबलेच नाहीत, त्यांनी लगेच नव्या टॅब उघडल्या आणि ती साइट चालवणाऱ्या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघितलं, आणि कमी वेळात बरोबर उत्तरापर्यंत पोचले. म्हणजे मुलांना शिकवायचं ते हे, की पान वाचण्याआधी पानातून बाहेर पड. विज्ञानाच्या मॅडमनी त्याच आठवड्यात आठवीला हा तास घेतला, मी शोधण्याचा भाग घेतला, त्या विषयाचा भाग बघत होत्या. एका मुलीने आपणहून सांगितलं की ती आत्तापर्यंत गूगलमध्ये पहिली लिंक म्हणजे बरोबर उत्तर असंच समजत होती. हा एक तास मला पूर्ण कोर्सच्या तोडीचा वाटला.

गूगल क्लासरूमवरचं, म्हणजे मुलांना ऑनलाइन काम देण्या-घेण्याच्या गूगलच्या सेवेवरचं सेशन मला नवीन काही देणार नाही असं वाटलं होतं, पण तिथेही कामाचं निघालं. फाइल जोडताना तीन पर्याय येतात, मुलांनी फक्त बघायची, सगळ्यांनी त्याच फाइलमध्ये लिहायचं, किंवा प्रत्येकाला वेगळी प्रत. हा तिसरा पर्याय असाइनमेंट पाठवायच्या आधीच निवडावा लागतो, एकदा पाठवली की मग प्रत देता येत नाही, पुन्हा नव्याने बनवावी लागते. ट्रेनरनी दुसरा पर्याय मुद्दाम निवडून आम्हा सगळ्यांना एकाच वर्कशीटमध्ये सोडलं. दोन मिनिटांत कोणीतरी प्रश्नच पुसून टाकले, कोणाचं उत्तर दुसऱ्याच्या ओळीत गेलं, एका सरांचा आख्खा परिच्छेद गायब झाला. नंतर व्हर्जन हिस्टरीतून, म्हणजे फाइलच्या जपून ठेवलेल्या जुन्या रूपांतून, सगळं परत कसं आणायचं आणि कोणी काय बदललं ते कसं बघायचं हे दाखवलं. नुसती स्लाइड दाखवली असती तर कोणाच्या लक्षात राहिलं नसतं.

लायब्ररीच्या बाजूने क्यूआर कोडचा भाग सोन्यासारखा. मुलांनी आवडलेल्या पुस्तकाबद्दल मिनिटभर बोलून रेकॉर्ड करायचं आणि त्याचा कोड पुस्तकाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, ही कल्पना बऱ्याच जणांनी केलेली असेल. इथे शिकवलं ते असं की फुकट कोड बनवून देणाऱ्या बऱ्याच साइट्स डायनॅमिक कोड देतात, म्हणजे त्या कोडमध्ये आपली लिंक नसतेच, त्या साइटची लिंक असते आणि ती पुढे आपल्या रेकॉर्डिंगकडे पाठवते. फुकट वापरायची मुदत (ट्रायल) संपली की सगळे कोड बंद, आणि शेकडो पुस्तकांवरचे स्टिकर वाया. स्टॅटिक कोडमध्ये लिंक त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांतच लिहिलेली असते, मधे कोणी नसतं, त्यामुळे मूळ रेकॉर्डिंग जागेवर आहे तोवर तो चालतो. बनवल्यावर आधी मोबाइलने स्कॅन करून वर कोणता पत्ता दिसतो ते बघायचं, आपला दिसला तर ठीक. इतकी साधी गोष्ट, पण आधी कोणी सांगितली नव्हती.

याच धाग्यावर एक मुद्दा ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि मला तो शंभर टक्के पटतो. टूल बंद पडतात. जॅमबोर्ड या गूगलच्या ऑनलाइन फळ्यावर किती शिक्षकांनी किती मेहनत केली होती, 2024 च्या शेवटी तो बंद झाला. मुलांनी छोटे व्हिडिओ करून उत्तर द्यायचं टूल म्हणजे फ्लिप, त्याचं स्वतंत्र ॲप आणि साइट पण त्याच वर्षी गेली. म्हणून कोर्समध्ये कुठलंही टूल घेताना पहिला प्रश्न हा, की यातून माझं काम बाहेर काढता येतं का, आणि कुठल्या फॉरमॅटमध्ये. दुसरा प्रश्न, मुलांचं अकाउंट लागतं का, कारण बऱ्याच सेवांच्या अटीतच 13 वर्षांखालच्या मुलांना बंदी असते आणि आपण ते न वाचता मुलांना साइन-अप करायला सांगतो. हे दोन प्रश्न मी आता छापून स्टाफरूममध्ये लावलेत.

ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे दिव्यांग मुलांनाही आपलं साहित्य वापरता यावं यावरच्या सेशनला एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) सगळ्यांकडून इन्स्टॉल करून घेतला आणि आपापलं एक वर्कशीट त्यावर ऐकायला लावलं. ज्यांचं वर्कशीट पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून केलेली पीडीएफ होती त्यांना एक शब्दही ऐकू आला नाही, कारण मशीनच्या दृष्टीने तिथे मजकूरच नाही, नुसतं चित्र आहे. मग ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवून, तेच पान परत ऐकवलं. न दिसणाऱ्या मुलासाठी आपण दिलेला कागद कोरा असतो हे कानाने ऐकल्यावर वेगळंच लागतं, मी तरी त्या दिवसापासून स्कॅन केलेली एकही फाइल तशीच पाठवलेली नाही.

आणि म्हणूनच माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. या कोर्सच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगला कॅप्शन, म्हणजे बोललेलं खाली लिहून येतं ते, नाहीत! आमच्या बॅचमध्ये कमी ऐकू येणाऱ्या एक शिक्षिका होत्या, त्यांनी दोनदा विचारलं, "बघतो" असं उत्तर आलं, आणि शेवटपर्यंत काही झालं नाही. जे दुसऱ्यांना शिकवता ते स्वतः करायलाच पाहिजे, याला काही सबब चालणार नाही.

बाकीच्या त्रुटी पण सांगते. वर्गात टेक्नॉलॉजी कशी वापरली जाते ते मांडणाऱ्या सॅमर मॉडेलवर दिलेला वेळ मला जास्त वाटला. पुएन्तेदुरांचं हे मॉडेल चार पायऱ्यांचं आहे, जुन्या साधनाच्या जागी नवीन ठेवण्यापासून ते टेक्नॉलॉजीशिवाय शक्यच नसलेलं काम करण्यापर्यंत, आणि ते शिडीसारखं दाखवलं की सगळ्यांना वाटतं वरची पायरी म्हणजेच चांगला तास. असं नसतं. वहीत लिहिलेलं कधीकधी कुठल्याही ॲपपेक्षा बरं असतं. मिश्रा आणि कोहलर यांचं 2006 चं टीपॅक मॉडेल जास्त कामाचं, कारण त्यात विषय, शिकवण्याची पद्धत आणि टेक्नॉलॉजी तिन्ही एकत्र बघायला लागतात, पण ते बिचारं शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं.

एआयचं सेशन तर घाईतच गेलं. प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, कशी लिहायची, प्रश्नपत्रिका कशी बनवायची, सगळा भर त्यावर. लायब्ररीयनला खरा प्रश्न पडतो तो वेगळा, की मुलं एआयकडून पुस्तकांची यादी घेऊन काउंटरवर येतात आणि त्यातली काही पुस्तकं जगात कुठेच नसतात. 2025 मध्ये शिकागो सन-टाइम्समध्ये उन्हाळ्याच्या वाचनाची यादी छापून आली होती, त्यातल्या 15 पैकी 10 पुस्तकं एआयने मनाने रचलेली निघाली, लेखक खरे आणि पुस्तकं खोटी. पेपरात हे होतं तर शाळेत होणारच. मी सेशनमध्ये विचारलं, तर चांगला मुद्दा आहे म्हणाले आणि पुढे गेले. यावर पूर्ण एक सेशन हवं, मुलांसमोर यादी मागून प्रत्येक नाव कॅटलॉगमध्ये शोधून बघायचं, अर्धा तास पुरतो.

कॉपीराइटचा भाग छोटा पण नीट होता, आपलं काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारी क्रिएटिव्ह कॉमन्सची सहा लायसन्स कोणती, कुठे नाव द्यायचं, कुठलं चित्र बदलून वापरता येत नाही, हे उदाहरणांसकट. असाइनमेंट अपलोड करायची त्यांची साइट मात्र वैताग आणते, मोबाइलवरचा व्हिडिओ मोठा असला की अर्ध्यावर अडकतो आणि एररही दाखवत नाही, आपल्याला वाटतं गेला. मॅडमचा एक व्हिडिओ असाच राहिला आणि सर्टिफिकेट अडलं, मेलवर मेल केल्यावर सुटलं.

कोणी घ्यावा? ज्यांना नुसतं सर्टिफिकेट हवंय त्यांनी इकडे येऊ नये, खूप काम आहे. ज्यांच्या मुख्याध्यापकांनी आठवड्यातला एक तास दोघांना एकत्र मोकळा द्यायची तयारी दाखवलीय त्यांनी जरूर घ्यावा, आणि तो तास आधी टाइमटेबलमध्ये लिहून घ्या, तोंडी हो वर राहू नका, बॅचमधल्या दोन जोड्या याच कारणामुळे मधेच गळल्या. भाषेचे शिक्षक असाल तर जास्त उपयोग होईल, गणितवाल्यांना उदाहरणं कमी मिळतात. व्हिडिओ आधी छोटा करून मगच अपलोड करा. आणि नाव नोंदवताना कॅप्शनबद्दल लेखी विचारा, तुम्हाला स्वतःला गरज नसली तरी विचारा, पाच-दहा जणांनी विचारलं तर पुढच्या बॅचला मिळतील. मी पाचपैकी चार देतेय, कॅप्शन आले की पाचवा देईन.