एम.टेक. की व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील स्थापत्य पदवीधराला रस्ते-वाहतुकीच्या क्षेत्रात पुढे जायचे असेल, तर त्याच्यासमोर दोन वाटा असतात. पहिली दोन वर्षांच्या एम.टेक.ची, १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच असल्याने ती ओळखीची वाटते, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे असेल तर ती टाळता येत नाही. दुसरी वाट व्यावसायिक संस्थेची. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) ही रस्ते अभियंत्यांची संस्था उभी राहिली (या क्षेत्राच्या मुळाशी एक मराठी नाव आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी आठवत नाही), तर १९२० ची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स पात्र सदस्यांना सनदी अभियंता (चार्टर्ड इंजिनिअर) अशी मान्यता देते. मृदाशास्त्र वर्गात नीट समजते. परंतु अथणीकडची फुगणारी काळी जमीन कुठे आणि खानापूरचा जांभा व मुसळधार पाऊस कुठे, हे ओळखून रस्त्याचे थर ठरवताना आयआरसी ३७ सारखी (डांबरी रस्त्यांच्या थररचनेची) मानके आणि ज्येष्ठ अभियंत्यांशी झालेली चर्चाच अधिक उपयोगी पडते. म्हणून नोकरीत असलेल्याने आधी सदस्यत्व घ्यावे, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी कामाच्या अनुभवाच्या नोंदी व्यवस्थित ठेवाव्या लागतात, आणि साइटवरच्या धावपळीत नेमके तेच राहून जाते.