सीएनसी शिकावं की पीएलसी?

आयटीआय करून चाकणला कंत्राटावर लागलेल्या भाच्याने विचारलं, पुढे सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारं मशीन) शिकू की पीएलसी (कारखान्यातली यंत्रं आपोआप चालवणारा कंट्रोलर)? 'शंभर टक्के नोकरी'च्या जाहिराती बाजूला ठेवूनच उत्तर देते.

खर्चात पीएलसी स्वस्त. सराव लॅपटॉपवर सिम्युलेटरमध्ये होतो. सीएनसीला मशीनच लागतं. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था, नाहीतर आपल्याच वर्कशॉपमधला शिकवणारा सेटर, म्हणजे मशीनवर टूल आणि माप लावून देणारा कारागीर, गाठावा.

खरा प्रश्न टिकण्याचा. जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचना, आता कॅम सॉफ्टवेअरच लिहून देतं, म्हणून नुसता जॉब (कापायचा तुकडा) लावून बटण दाबणाऱ्याची मला काळजी वाटते. पण ड्रॉइंग वाचणं, टूल ऑफसेट (टूलची लांबी, झीज धरून मापात करायची दुरुस्ती) देणं, मायक्रॉनमध्ये माप पकडणं अजून माणसाच्याच हातात आहे. पीएलसीत कंपनीगणिक सॉफ्टवेअर बदलतं, लॅडर लॉजिक (शिडीसारख्या आकृतीत प्रोग्राम लिहायची पद्धत) फारसं बदलत नाही. शिवाय ते साखर कारखान्यात, औषधनिर्मितीत, पाणीपुरवठ्यातही चालतं. सीएनसी मुख्यतः धातुकामाशी बांधलेलं.

त्रास मात्र पीएलसीत जास्त. लाइन बंद पडली की रात्री-अपरात्री फोन येतो.

टर्नर, मशिनिस्ट असाल, मापावर हात बसला असेल तर सीएनसी घ्या, पण सेटिंगपर्यंत शिकाच. इलेक्ट्रिशियन असाल, रिले-कॉन्टॅक्टरची वायरिंग कळत असेल, उद्योग बदलायची तयारी असेल तर पीएलसी.