व्हाउचरवरच्या एका सहीत पुराचे सगळे चित्रण गेले

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांची मजल गाठली, तेव्हा दैनिकातील नोकरी सोडून मला जेमतेम चार महिने झाले होते. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील काही गावांत मी तो पूर, पुढचे पंचनामे, पडक्या घरांची पुनर्बांधणी आणि २०२१ मध्ये पुन्हा आलेला पूर असे सुमारे ७० तासांचे चित्रण स्वखर्चाने केले. त्यातून एक माहितीपट करून स्वतंत्रपणे उभे राहायचे, एवढाच बेत होता.

२०२१ च्याच नोव्हेंबरात एका परिचिताच्या ओळखीने मुंबईचे एक निर्माते भेटायला आले. ताराबाई पार्कातील हॉटेलात बसल्यावर त्यांनी आधी इथल्या मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचे नाव काढले, मग इथल्याच जुन्या जयप्रभा चित्रपट स्टुडिओबद्दल हळहळ व्यक्त केली. (कोल्हापूरचा माणूस नेमका इथे विरघळतो, हे त्यांना पक्के ठाऊक असावे.) परदेशी वाहिनीचा अधिकारी संपादित तुकडे पाहत नाही, त्याला मूळ दर्जाचे सगळे रशेस, म्हणजे असंपादित चित्रण लागते, असे सांगून त्यांनी हार्ड डिस्क मागितली, करार वाहिनीची मंजुरी आल्यावर करू, तोवर ४० हजार रुपये अ‍ॅडव्हान्स घ्या, असेही वर म्हणाले. १० टक्के टीडीएस कापून ३६ हजार माझ्या खात्यावर आले. कापलेला कर त्यांनी भरलाच नव्हता, हे पुढे फॉर्म २६एएस, म्हणजे माझ्या नावे जमा कराचा उतारा पाहिल्यावर समजले, पण ती फसवणूक त्यामानाने किरकोळ होती.

खरी मेख व्हाउचरमध्ये होती. पैसे मिळाल्याची पोच म्हणून पुढे केलेल्या त्या इंग्रजी कागदावर, रकमेच्या खाली बारीक अक्षरांत, सोबतच्या डिस्कमधील सर्व चित्रणाचे सर्व हक्क या रकमेच्या मोबदल्यात कायमचे देत असल्याचे एक वाक्य होते. आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रे वाचून बातम्या करणाऱ्या मी ते न वाचता सही केली. त्यानंतर त्यांनी हळूहळू फोन उचलणे बंद केले आणि सव्वा वर्षाने माझेच चित्रण दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच निवेदनासह माझ्या पाहण्यात आले. चिखलीच्या ज्या आजींनी केवळ माझ्यावरील विश्वासाने पाण्यात गेलेल्या गोठ्याची हकिगत सांगितली होती, त्यांच्या तोंडी तिथे सरकारी मदतीचे आभार होते.

कसबा बावड्यातील न्यायसंकुलात भेटलेल्या वकिलांनी मला कायदा समजावला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी असावे लागते. म्हणजे मी काहीच लिहून दिले नसते, तर तोंडी बोलण्यावर त्यांना हक्क सांगता आला नसता. कायद्याला हवा असलेला कागद मीच पुरवला होता. हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर भारतापुरते धरले जाते, हा दिलासा मला मिळाला असता. परंतु ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही शब्द त्या ओळीत होते. कलम ५७ खाली नाव मिळण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा हक्क मात्र हस्तांतरानंतरही कर्त्याकडे राहतो, आणि सध्या आमची नोटीस त्याच आधारावर गेली आहे.

मूळ दर्जाचे चित्रण आता मी कोणालाही देत नाही. पाहण्यासाठी दिलेल्या कमी दर्जाच्या प्रतीवर मधोमध माझे नाव आणि टाइमकोड उमटवलेला असतो. पैशाची पोच मी माझ्याच पावतीवर मराठीत देतो, आणि समोरच्याचा कागद असेल तर तो घरी आणून दुसऱ्या दिवशीच सही करतो. यावरून दोन कामे हातची गेली.

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका तरुण सहकाऱ्याचा फोन आला. ऊसतोड कामगारांवरील त्याच्या चित्रणासाठी मुंबईहून कोणी निर्माते आले होते, वाहिनीला मूळ रशेस हवेत म्हणत होते, आणि अ‍ॅडव्हान्सचा आकडा ४० हजारच होता. व्हाउचरवर सही केलीस का, एवढेच मी विचारले. डिस्क दिली आहे, सही उद्या आहे, असे तो म्हणाला. मी लगेच सांगलीची एसटी पकडली.