युनिहीट ४० तासांचा हीट पॅक: अमेरिकेतल्या अमेरिकेत गेको (पालीची एक जात), साप पार्सलने पाठवणाऱ्यांसाठी

पॅक उत्तम, पण तो लावायचा कसा यावर सगळं अवलंबून. आत लोखंडाची भुकटी असते. हवेतल्या ऑक्सिजनने ती तापते. खोका टेपने चहूबाजूंनी हवाबंद केला की पॅक थंड पडतो, आणि दोष पॅकच्या माथी मारला जातो! म्हणून खोक्याला बारीक भोकं हवीतच. पाकीट फोडून अर्धा तास मोकळ्या हवेत ठेवा, गरम झाला की कागदात गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. प्राण्याच्या डब्याला किंवा पिशवीला टेकू देऊ नका. बाहेर साधारण १५ अंश सेल्सियसच्या वर असेल तर पॅक नकोच. थंडीपेक्षा उष्माच लवकर जीव घेतो.

सोबत थर्माकोलचं अस्तर, गेकोला भोकं पाडलेला डेली कप (झाकणाचा प्लास्टिकचा डबा), सापाला तोंड बांधलेली कापडी पिशवी. खोक्यावर प्रजाती आणि संख्या लिहा, लेसी कायद्याला (वन्यजीवांच्या व्यापारावरचा अमेरिकी कायदा) ते लागतं. अमेरिकी टपाल खातं साप घेत नाही. त्यासाठी फेडेक्सची ओव्हरनाइट सेवा, तीही मान्यताप्राप्त मध्यस्थामार्फत. सोमवार ते बुधवारच पाठवा, नाहीतर पार्सल शनिवार-रविवार गोदामात अडकतं.